जायफळ, हळद आणि बिनचिठ्ठीची ट्यूब

पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा, पण अर्धी सोडू नका.

मुरूम म्हटलं की आपल्या गिरडात आधी रस्त्यावर टाकायचा मुरूम आठवतो. त्याच्यावर मी इथं पोस्टी लिहिल्या, तुम्ही कमेंटी केल्या, ट्रॅक्टर किती आले अन् किती कागदावर राहिले हेही मोजून झालं. आजचा मुरूम दुसरा आहे. पोरापोरींच्या तोंडावर येतो तो. तुम्ही म्हणाल, हा काय गावाचा प्रश्न झाला का? मलाही तसंच वाटत होतं. वर्षभरापूर्वी घरातच घडलं, तेव्हा डोळे उघडले.

माझी भाची. नाव सांगत नाही, तिनं तशी अट घातली आहे. बारावीला होती. कपाळावर अन् गालावर मुरूम. तिच्या वयात दहातल्या आठ-नऊ जणांना कमी-जास्त येतातच, पण हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिला सांगणारे वेगळेच होते. पाणी भरायला गेली की, "काय वं पोरी, तोंडाले काय झालं?" लग्नात गेली की, "आता दोन-चार वर्षांत पाहायले येतील, काहीतरी लाव ना वं." कॉलेजच्या एसटीत पोरं काय बोलत असतील ते वेगळंच. पोरीनं आरशासमोरून हलणं सोडलं, मग आरशासमोर जाणं सोडलं.

तिनं आधी घरचंच केलं. लिंबू चोळलं, अन् तसंच उन्हात सायकलवर गेली. आपल्या वर्ध्याचं एप्रिलचं ऊन. गालावर भाजल्यासारखे काळे पट्टे उठले. मग कोणीतरी टूथपेस्ट सांगितली. मग खाण्याचा सोडा. शेवटी ती मला म्हणाली, "मामा, येताना काही आणसान का?"

अन् मी आणलं. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहितो. मेडिकलवर गेलो, कोणतं दुकान ते महत्त्वाचं नाही, तसं कोणत्याही दुकानात झालं असतं. म्हटलं, पोरीच्या तोंडावर मुरूम आहेत, चांगली ट्यूब द्या. काउंटरवरच्या पोरानं एक सेकंद विचार केला नाही. ट्यूब दिली. चिठ्ठी मागितली नाही, वय विचारलं नाही, किती दिवस लावायची ते सांगितलं नाही. "लय चालते ही," एवढंच म्हणाला. मीही पाठीमागचं बारीक इंग्रजी वाचलं नाही. मोबाईलच्या रिचार्जचे नियम मी वाचतो, ट्यूबवरचे वाचले नाही.

चार दिवसांत जादू झाली. लाली गेली, चेहरा उजळ दिसायला लागला. घरातली बाई-माणसं खूश, मामाची वाहवा. दोन महिने पोरगी रोज सकाळ-संध्याकाळ लावत होती. मग एकदा ट्यूब संपली अन् मी तीन-चार दिवस गावात नव्हतो. तेवढ्यात चेहरा असा पेटला की पहिले मुरूम बरे होते म्हणायची वेळ आली. लाल, तापलेला, नुसतं पाणी लागलं तरी आग. सगळीकडे एकसारखे बारीक दाणे. गालावर लव वाढली होती, ती तर आम्ही पाहूनही पाहिली नव्हती. नवीन ट्यूब लावली की थांबायचं, बंद केली की परत. दारूसारखंच झालं ते.

वर्ध्याकडच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर बाईंनी ट्यूब हातात घेतली, मागून वाचली अन् मला विचारलं, "ही कोणी दिली?" मी गप्प. त्यात स्टेरॉइड होतं.

आता हे स्टेरॉइड काय प्रकरण आहे ते नीट समजून घ्या, कारण ते औषध वाईट नाही. इसब, सोरायसिस अशा आजारांत डॉक्टर ठरावीक दिवस, ठरावीक जागी ते लावायला सांगतात अन् त्याचा गुण येतो. ते कातडीची सूज अन् दाह दाबून टाकतं, बारीक रक्तवाहिन्या आकसवतं. म्हणून तीन-चार दिवसांत लाली जाते, चेहरा गोरा दिसतो. पण तोंडाची कातडी मुळातच पातळ. तिथं आठवडेच्या आठवडे लावलं की ती आणखी पातळ होते, लाल शिरा दिसायला लागतात, लव वाढते, अन् स्टेरॉइडमुळेच नवे मुरूम येतात. म्हणजे ज्यासाठी लावलं, तेच ते पैदा करतं. बंद केलं की दाबलेलं सगळं एकदम वर येतं. माणसाला वाटतं, बंद केल्यानं बिघडलं, म्हणून तो परत लावतो. दुकानदाराला दुसरं काय पाहिजे!

एक सांगून ठेवतो. कोणाच्या घरी अशी ट्यूब महिनोन् महिने चालू असेल तर ही पोस्ट वाचून आजच फेकून मोकळे होऊ नका. डॉक्टरला दाखवून बंद करा. भाचीला सुरुवातीचे काही आठवडे फार त्रास झाला. पूर्ण सावरायला सहा महिन्यांच्या वर गेले. बारावीचे पेपर तिनं स्कार्फ बांधून दिले.

ही एका घरची गोष्ट नाही. देशातल्या १२ ठिकाणच्या त्वचारोगतज्ज्ञांनी २०११ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली होती. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेले २,९२६ रुग्ण तपासले, त्यातले ४३३ जण तोंडाला स्टेरॉइड लावत होते. शंभरात जवळपास पंधरा. अन् त्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांना ते डॉक्टरनं दिलंच नव्हतं. मैत्रिणीनं, पार्लरवालीनं, मेडिकलवाल्यानं, नाहीतर माझ्यासारख्या शहाण्या मामानं दिलेलं. त्वचारोगतज्ज्ञांची देशपातळीवरची संघटना बरीच वर्षं यावर बोंबलत होती. शेवटी २०१८ मध्ये केंद्र सरकारनं अशी लावायची स्टेरॉइड शेड्यूल एच मध्ये टाकली. सोप्या भाषेत, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. वेष्टनावर 'आरएक्स' अशी खूण असते अन् चिठ्ठीवरच विक्री असं इंग्रजीत छापलेलं असतं. कायदा आहे. आता मला सांगा, गिरड, समुद्रपूर, हिंगणघाट, उमरेड, कुठंही तुम्हाला ट्यूबसाठी कोणी चिठ्ठी मागितली का? मागितली असेल तर त्या दुकानदाराचं कमेंटमध्ये कौतुक करा, मनापासून सांगतो.

ट्यूब उलटवून ही नावं शोधा: बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन. यातलं काही दिसलं तर ते स्टेरॉइड. नायट्या-गजकर्णावर "एका ट्यूबमध्ये सगळं" म्हणून जे मिळतं, त्यातही बहुतेकदा हेच असतं. बुरशीचं औषध, जिवाणूचं औषध अन् स्टेरॉइड, तिन्हींची खिचडी. खाज दोन दिवसांत थांबते अन् नायटा आतून पसरत राहतो. सोयाबीन काढणीच्या दिवसांत, घामानं ओल्या कपड्यात, आपल्याकडे घरोघरी नायटा चिवट का झाला त्याचं एक कारण हेही आहे.

ट्यूबवर निदान नाव तरी छापलेलं असतं. त्याहून वाईट म्हणजे नाव-पत्ता नसलेली डबी. पार्लरमध्ये मिळते, जत्रेत मिळते, आता तर व्हॉट्सॲपवर मिळते. "हर्बल", "नॅचरल", "सात दिवसांत फरक". आपल्या विदर्भातलंच सांगतो. अकोल्याची एक कॉलेजची पोरगी पार्लरमधून गोरेपणाची क्रीम आणून लावायला लागली. चेहरा चमकला. ते पाहून आईनं लावली, बहिणीनं लावली. तिघींच्याही किडन्यांना सूज आली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध लागला की क्रीममध्ये पारा होता. २०२३ मध्ये ही बातमी पेपरात आली होती. केरळात मलप्पुरमकडेही डॉक्टरांना असेच किडनीचे रुग्ण सापडले, तिथंही गोरेपणाच्या क्रीमच निघाल्या. पारा कातडीचा रंग तयार होण्याची क्रिया अडवतो म्हणून माणूस उजळ दिसतो, अन् तोच कातडीतून रक्तात, रक्तातून किडनीत जातो. डबीवर बनवणाऱ्याचा पत्ता नसेल, घटकांची यादी नसेल, किंवा सोन्याचांदीला लागू देऊ नका असं लिहिलेलं असेल तर ती घरात ठेवू नका. दागिन्याला चालत नाही ते पोरीच्या गालाला कसं चालेल?

आता तुम्ही म्हणाल, म्हणूनच तर आम्ही म्हणतो, घरगुती उपाय बरे. थांबा. तिथंही थोडं बोलायचं आहे.

आपल्या बाबा फरीदच्या टेकडीवर जायफळासारखे, सुपारीसारखे गोल खडे सापडतात. व्यापाऱ्याचा माल बाबांनी दगडाचा केला, ही गोष्ट गिरडच्या पोराला जन्मल्यापासून माहीत असते. भूगर्भवाले त्याला झिओलाइट म्हणतात. ज्याचा जसा भाव. पण तो खडा कितीही जायफळासारखा दिसला तरी कोणी तो श्रीखंडात किसत नाही. घरगुती उपायांचंही तसं आहे. काही खरं जायफळ आहे, काही नुसता जायफळासारखा खडा.

खऱ्या जायफळापासूनच सुरू करू. आमच्या आजीचा हुकमी उपाय. सहाणेवर दुधात जायफळ उगाळायचं अन् रात्री मुरमावर ठिपका द्यायचा. ठिपका हा शब्द ध्यानात ठेवा. आजी अख्ख्या तोंडाला फासत नव्हती. जायफळातलं तेल तिखट असतं, नाजूक कातडीला झोंबतं. ठिपक्यानं फारसं बिघडत नाही, कधी मुरूम वाळल्यासारखा वाटतो. आजचा व्हिडिओवाला काय सांगतो? जायफळ, लिंबू, दालचिनी, सोडा, सगळं एकत्र करा अन् वीस मिनिटं ठेवा. आजीनं ऐकलं असतं तर सहाण घेऊन त्याच्या मागं लागली असती.

हळदीवर तर आपला हक्कच. आपल्याच समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. कुर्कुमिन सहा टक्क्यांच्या वर, रंगाला गडद, वासाला जोरकस. कुर्कुमिन सूज कमी करतं हे प्रयोगशाळेत दिसलं आहे. पण म्हणून लेप लावला अन् मुरूम गेले, असा भक्कम पुरावा नाही. नुकसानही सहसा नाही, कोणाकोणाला मात्र हळदीनं खाज सुटते. लावायचीच असेल तर वायगावची, घरी दळलेली लावा. बाजारातल्या सुट्या भडक पिवळ्या पुडीत शिशाचा रंग मिसळल्याची प्रकरणं देशात सापडलेली आहेत. दारात सोनं असताना तांबं कशाला घासता?

कडुलिंब. पाला उकळून त्या पाण्यानं तोंड धुतलं तर चालतं, जिवाणूंवर त्याचा थोडाफार परिणाम आहे. कडुलिंबाचं तेल चोपडू नका. मुलतानी माती तेलकटपणा शोषते, दोन-चार तास बरं वाटतं, मुरूम मुळापासून जात नाही. रोज लावली तर कातडी तडकते. कोरफडीचा गर थंडावा देतो, पण पान कापल्यावर आधी पिवळा चीक निथळू द्या, तो खाजवतो. मध खायला उत्तम. न्यूझीलंडमध्ये २०१६ साली १३६ लोकांवर एका औषधी मधाचा प्रयोग केला, मुरमांवर साबणाहून जास्त गुण दिसला नाही. उलट टी ट्री नावाच्या ऑस्ट्रेलियन झाडाच्या तेलाचा गुण मात्र दिसलेला आहे. १९९० मध्ये तिथं १२४ लोकांवर पाच टक्के तेलाचं जेल लावून पाहिलं, औषधाइतकंच उतरलं, फक्त सावकाश. पण पाच टक्के. निव्वळ तेल लावलं तर भाजतं. म्हणजे झाडपाल्यात गुण नाही असं मी म्हणत नाही. गुण आहे म्हणूनच प्रमाण पाळावं लागतं.

लिंबू, टूथपेस्ट, खाण्याचा सोडा, लसूण, हे चार तोंडापासून लांब ठेवा. लिंबू वरणात पिळा. लिंबाचा रस अन् ऊन एकत्र आलं की कातडी जळते, हे आमच्या घरानं पाहिलं आहे.

आयुर्वेदवाले मित्र नाराज होऊ नयेत म्हणून सांगतो. सुश्रुतानं या मुरमांना मुखदूषिका म्हटलं अन् त्यांची तुलना काटेसावरीच्या काट्यांशी केली. फेब्रुवारीत आपल्या रानात सावर लाल फुलते तेव्हा तिच्या खोडाकडे पाहा, म्हातारा किती बारीक पाहत होता ते कळेल. जुन्या ग्रंथांत लोध्र, धने, वेखंडाचे लेप सांगितले आहेत. पण ते वैद्यानं माणूस पाहून द्यायचे होते. ग्रंथाचं नाव घेऊन ऑनलाइन डबी विकणारा वैद्य नसतो.

अन् वर्धा जिल्ह्यात राहून निसर्गोपचारावर बोलायचं अन् सेवाग्रामचं नाव घ्यायचं नाही, असं कसं? गांधीजी मातीच्या पट्टीचे मोठे भोक्ते. 'आरोग्याची किल्ली' त्यांनी आगाखान महालात कैदेत असताना लिहिली, त्यात साध्या गळवांवर मातीची पट्टी सांगितली आहे. पण नुसतं माती लावा म्हणून सोडलं नाही. माती कुठली, ती बारीक चाळून घ्यायची, गरज वाटली तर तापवून घ्यायची, हेही सांगितलं. अन् हाच माणूस १९२४ मध्ये ॲपेंडिक्स सुजलं तेव्हा पुण्याच्या ससूनमध्ये ऑपरेशन करून घ्यायला तयार झाला. पोटावर मातीची पट्टी ठेवून बसला नाही. आपल्याकडचे काही निसर्गवाले नेमकी ही गोष्ट विसरतात.

मग घरी करायचं तरी काय? डॉक्टर बाईंनी भाचीला जे सांगितलं ते ऐकून मी म्हटलं, एवढंच? हो, एवढंच.

मुरूम रक्त खराब झाल्यानं येत नाही, पोट साफ नसल्यानं येत नाही, मनात काही वाईट आल्यानं तर नाहीच नाही. वयात येताना शरीरात बदल होतात, कातडीखालच्या तेलाच्या ग्रंथी जोरात कामाला लागतात, तेल अन् मेलेली कातडी मिळून छिद्र बुजतं, आत राहणारे जिवाणू वाढतात अन् सूज येते. वरून घासून ते निघत नाही. म्हणून दिवसातून दोनदा साध्या पाण्यानं अन् सौम्य साबणानं तोंड धुवायचं, शेतातून किंवा ग्राउंडवरून घाम घेऊन आलं तर आणखी एकदा. बस. दिवसातून सहा-सात वेळा धुतलं, खरखरीत कापडानं घासलं तर उलट चिडतं.

तेलाचं सांगतो, आयांनी वाचावं. आपण पोरीच्या डोक्यावर खोबरेल थापतो, दोन वेण्या घालतो अन् शाळेत पाठवतो. उन्हात ते तेल कपाळावर उतरतं. कपाळाच्या कडेला बारीक दाणे येतात ते बऱ्याचदा त्याच तेलाचे. तेल लावाच, पण धुवायच्या आदल्या रात्री, अन् सकाळी केस धुऊन टाका.

दुसरा स्कार्फ. आपल्या जिल्ह्यात गाडीवर बसलेली पोरगी म्हणजे फक्त दोन डोळे. उन्हासाठी ते बरोबर आहे. पण तोच स्कार्फ आठवडाभर घामेजलेला घट्ट बांधला तर गालावर घर्षण, घाम अन् मळ. रोज धुतलेला, सुती, जरा सैल. उशीच्या खोळीचंही तेच.

खाण्याबद्दल लोक तर्रीला शिव्या देतात, आंब्याला देतात. तिखटानं मुरूम येतात हे सिद्ध झालेलं नाही, त्यामुळे पोहे-तर्री तुमची सलामत. पुरावा आहे तो वेगळ्याच गोष्टीचा. ऑस्ट्रेलियात २००७ मध्ये ४३ पोरांवर बारा आठवडे प्रयोग झाला. मैदा, साखर असं रक्तात साखर झरकन वाढवणारं खाणं कमी केलं त्यांचे मुरूम जास्त कमी झाले. पापुआ न्यू गिनीतल्या किटावा बेटावर बाजारचं पाकिटातलं खाणं पोचलं नव्हतं, तिथं १,२०० माणसं तपासली तर मुरूम असलेला एक माणूस सापडला नाही. त्याला बाकीही कारणं असतील, एका बेटावरून सगळं ठरत नाही. पण आपल्याकडे कुरकुऱ्याचं पाकीट अन् कोल्ड्रिंक हा पोरांचा नाश्ता झाला आहे अन् ज्वारीची भाकर ताटातून उठली, हे तर डोळ्यांनी दिसतं. अन् जिमवाल्या पोरांनो, डब्यातल्या प्रोटीन पावडरनं मुरूम वाढल्याच्या बऱ्याच नोंदी आहेत. पाठीवर, खांद्यावर अचानक आले असतील तर आधी डबा तपासा. इंजेक्शन घेत असाल तर त्यावर वेगळी पोस्ट लिहीन, अन् ती गोड नसेल.

फोडू नका. आपल्या सावळ्या कातडीवर फोडलेल्या मुरमाचा डाग महिनोन् महिने राहतो, खोल खड्डा तर जन्मभर.

अन् धीर. काहीही लावलं तरी दोन-तीन महिने दिल्याशिवाय कळत नाही. जे चार दिवसांत चमत्कार करतं, त्याच्यावरच आधी संशय घ्यायचा. आमच्या घरी उलटं झालं, चार दिवसांत गुण आला म्हणून विश्वास बसला.

घरी थांबायचं कधी नाही, तेही सांगतो. मोठ्या, दुखणाऱ्या गाठी येत असतील, खड्डे पडत असतील, तर एक दिवसही घरगुती उपायात घालवू नका. मुरमांसोबत पाळी अनियमित, हनुवटीवर केस, वजन वाढतंय, तर पीसीओएस असू शकतं, त्याला तोंडाची ट्यूब नाही तर तपासणी लागते. पोरगी खोलीबाहेर येत नसेल तर तेही दवाखान्यात नेण्याचंच कारण आहे. डॉक्टरकडे खात्रीची औषधं आहेत, साधी बेंझॉइल परॉक्साइडसारखी, जी जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहे. आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या मात्र मैत्रिणीच्या पाकिटातून घेऊ नका, त्या दिवसांत गर्भ राहिला तर बाळात गंभीर व्यंग येतं. अन् तोंडावर किंवा अंगावर फिकट, बधिर चट्टा असेल तर त्याला मुरूम-गजकर्ण समजून काहीही लावू नका. ज्या जिल्ह्यात परचुरे शास्त्रींची गांधीजींनी स्वतः सेवा केली, दत्तपूरची वसाहत उभी राहिली, तिथं हे सांगावं लागू नये. कुष्ठरोगाचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट आहे अन् तो पूर्ण बरा होतो.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी ही पोस्ट.

माणूस मेडिकलवाल्याकडे का जातो? कारण तो समोर आहे, उघडा आहे अन् फुकट बोलतो. त्वचेचा डॉक्टर दाखवायचा म्हणजे सेवाग्राम नाहीतर सावंगी. एक दिवसाची मजुरी, एसटीची वाट, रांग. तोंडावरच्या मुरमासाठी बाप दिवस मोडत नाही, अन् मी त्याला दोष देत नाही. दोष त्या व्यवस्थेचा आहे जी तालुक्याला महिन्यातून एक दिवसही त्वचेचा डॉक्टर बसवू शकत नाही. जिल्ह्यात दोन-दोन मेडिकल कॉलेजं आहेत! सेवाग्रामचं तर १९६९ मध्ये सुरू झालं तेच खेड्यातल्या माणसासाठी. तिथले डॉक्टर समुद्रपूरच्या ग्रामीण रुग्णालयात महिन्यातून एकदा बसावेत, एवढी मागणी फार मोठी नाही.

शाळांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं. त्यांच्या यादीत त्वचेचे आजार आहेत. त्याच दिवशी आठवी ते बारावीच्या पोरापोरींना पंधरा मिनिटं मुरमांवर, ट्यूबवर अन् गोरेपणाच्या डबीवर कोणी बोललं तर? पैसे लागत नाहीत. किशोरवयीनांसाठी सरकारचा वेगळा कार्यक्रम २०१४ पासून आहे, त्यातही हे बसतं. आशाताईंना विचारलं, त्या म्हणाल्या, "आम्हाले कोणी सांगितलं तर आम्ही सांगू ना भाऊ."

अन् मेडिकलवाल्यांना शत्रू समजू नका. रात्री-बेरात्री तेच शटर उघडतात. पण चिठ्ठीशिवाय स्टेरॉइड देणार नाही, अशी पाटी त्यांनीच लावावी. एकानं लावली तर गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जाईल, ही त्यांची भीती खरी आहे. म्हणून सगळ्यांनी एकाच दिवशी लावावी. ग्रामसभेनं तसा ठराव केला तर अन्न व औषध प्रशासनाला पाठवता येईल.

या तिन्ही गोष्टींचा अर्ज मी लिहून काढला आहे: तालुक्याला महिन्यातून एक दिवस त्वचेची ओपीडी, शाळेत तपासणीच्या दिवशी बोलणं, अन् दुकानात पाटी. येत्या ग्रामसभेत ठेवणार आहे. ज्यांना सही करायची त्यांनी इनबॉक्स करा, नाहीतर रविवारी सकाळी बसस्टँडवर चहाच्या टपरीजवळ भेटा. भाचीनं पहिली सही केली आहे. पोस्ट टाकायच्या आधी तिला वाचून दाखवली. ती म्हणाली, "मामा, पाण्यावर विचारणाऱ्या बायांचं अजून जरा जास्त लिहायले पाहिजे होतं."